टेबलावर किती जॉब उघडे पडलेत?

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की कामाला वेळ पुरत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन ओळी कळवा, तर दोन ओळी कुठल्या, लोकांनी पानंच्या पानं भरून पाठवली, एकानं तर सव्वाचार मिनिटांचा व्हॉईस मेसेज टाकला आणि शेवटी म्हणतोय "सर, टाईप करायला वेळ नव्हता". असो. मी काय मॅनेजमेंटचा गुरू नव्हे, बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये प्लॅनिंगला ३१ वर्षं काढलेला माणूस, त्यातली पहिली दहा तर चुका करण्यातच गेली, त्याच भांडवलावर हे सदर चाललंय. चार पत्रं घेतोय. नावं गाळली आहेत.

प्रश्न : सर, मी उद्यमबागेत एका कंपनीत क्वालिटीला आहे, वय २७, येळ्ळूरहून येऊन-जाऊन करतो. सकाळी ८ ला पंच मारतो, सुटायला रात्रीचे ९ होतात, तरी आज काय केलंस म्हणून कोण विचारलं तर सांगायला एक काम पूर्ण नसतं. इन्स्पेक्शन रिपोर्ट अर्धे, एका कस्टमरच्या रिजेक्शनचं उत्तर अर्धं, पुढच्या महिन्यात ऑडिट आहे त्याच्या फायली अर्ध्या, वरनं दर दहा मिनिटाला साहेबांचा मेसेज आणि सगळंच अर्जंट. टू-डू लिस्ट केली, ॲप घेतलं, पाचला उठायला लागलो, काय फरक नाही. सगळंच अर्जंट असेल तर पहिलं काय करायचं?

उत्तर : तुझं पत्र लई मोठं होतं, मी इथं कापून छापलंय, खरं मूळ पत्र वाचताना मी पहिलं काय केलं तर पेन घेऊन त्यातली कामं मोजली. तू मोजलास काय कधी? बावीस भरली. बावीसच्या बावीस सुरू केलेली आणि संपलेलं एकही नाही. वेळ कमी पडतोय असं तुला वाटतंय, तसं नव्हे, तुझी उघडी कामं जास्त झालीत. (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये.)

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलायस नव्हे कधी? गेट पडतं, लोक आधी आपल्या बाजूला थांबतात, मग एक स्कूटरवाला हळूच उजवीकडनं पुढं जाऊन उभा राहतो, त्याच्या मागनं रिक्षा, तिच्या मागनं टेम्पो, आणि पलीकडच्या बाजूलाही हेच. गाडी जाते, गेट वर होतं आणि दोन्हीकडची जनता एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभी. रस्ता तेवढाच, माणसं तेवढीच, प्रत्येकाला घाई, आणि त्या घाईपायीच कोण हलेना. तुझ्या टेबलाचं तेच झालंय.

याला हिशेबसुद्धा आहे. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६१ साली गणितानं सिद्ध करून ठेवलाय, प्लॅनिंगवाले त्याला लिटल्स लॉ म्हणतात. सोप्यात सांगायचं तर हातात जेवढी कामं उघडी आहेत त्याला दिवसाला सरासरी जेवढी संपतात त्यानं भागायचं, म्हणजे एकेक काम किती दिवस लटकणार ते निघतं. तुझी २२ उघडी, दिवसाला दोन संपतात असं धरू (तुझ्या पत्रावरनं तेवढीही वाटत नाहीत), तर प्रत्येक काम सरासरी ११ दिवस लोंबकळणार. तीच उघडी कामं सहा ठेवलीस तर तीन दिवस. हात तेच, मशीन तेच, पगार पण तोच.

आता तू म्हणशील मग उरलेली सोळा कुठं जाणार? दाराबाहेर थांबणार. थांबूदेत की. न सुरू केलेल्या कामाचा फायदा असा की त्याचा नंबर पुढंमागं करता येतो, कस्टमरनं ऑर्डर बदलली तर तुझं काय वाया जात नाही, आणि खरं सांगू, त्यातली दोन-तीन तर आपोआप मरतात, कोण विचारत पण नाही. अर्धवट कामाचं तसं नसतं, त्यात तुझा वेळ पडलेला असतो आणि ते डोक्यात भुणभुण करत राहतं.

दुसरी गोष्ट सेटिंगची. तुला हे सांगायला नको, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, जॉब बदलायचा म्हणजे पीस धरणारे जॉ बदला, टूल लावा, टूलचे ऑफसेट (मापं) घ्या, पहिला पीस काढा, तो तुझ्याच टेबलावर आणा, तू मायक्रोमीटर लावून ओके म्हणेपर्यंत मशीन उभं. तास तरी कुठं गेलेला नसतो. म्हणून कुठला शहाणा ऑपरेटर दर पाच पीसला जॉब बदलत नाही. आणि तू स्वतः काय करतोस, तर रिपोर्टचे चार रकाने भरतोस, मेसेज येतो, उठतोस, स्टोअरला जातोस, परत येऊन कुठल्या रकान्यात होतो ते शोधतोस. डोक्याला पण सेटिंग टाईम असतो बाबा, तो कुठल्या जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या चिठ्ठीवर, लिहिलेला नसतो एवढंच.

आमच्याकडं एक मेस्त्री होते, बैलहोंगलकडचे, मराठी मोडकी बोलायचे आणि आम्ही कन्नड मोडकी बोलायचो, त्यामुळं भांडण कधी लांबलं नाही. त्यांच्या मशीनच्या मागं प्लायवूडचा एक तुकडा होता, त्याला तीन खिळे. जॉब कार्ड अडकवायचं ते त्या खिळ्यांनाच. चौथं कार्ड घेऊन गेलं की ते कार्डाकडं बघायचेच नाहीत, खिळ्यांकडं बोट करायचे. मी नवीन होतो, तावातावानं म्हणायचो हे अर्जंट आहे, त्यावर त्यांचं ठरलेलं, "ओंदोंद माडोण री", एकेक करूया. मला ते आडमुठे वाटायचे. एकदा मी चौथा खिळा नेऊन ठोकला. त्यांनी काय म्हटलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिळा पक्कडनं उपटून माझ्या टेबलावर आणून ठेवला, वाकडा झालेला. महिन्याच्या शेवटी कोणाचा माल वेळेत बाहेर पडायचा ते वेगळं सांगायला नको.

तर तू पण तीन खिळे ठोक. वहीत तीन ओळी केल्यास तरी चालेल. एक ओळ रिकामी झाल्याशिवाय चौथं काम त्यात लिहायचं नाही. बाकीची यादी मागच्या पानावर, ती कितीही लांब असू दे.

आता साहेब. साहेबांना नाही म्हणता येत नाही हे मला माहीत आहे, माझंही तोंड उघडायचं नाही. खरं दोन वाक्यं पाठ कर. पहिलं, "अर्जंट म्हणजे कधी, साहेब? आज चारच्या टेम्पोला की उद्या सकाळी?" अर्जंट ही तारीख नव्हे. तारीख आणि वेळ विचारायला लागलास की अर्ध्या अर्जंटमधली हवा तिथंच जाते, कारण बऱ्याच वेळा साहेबांना पण माहीत नसतं. दुसरं, "घेतो की साहेब, मग या तिघातलं कुठलं काढू?" आणि वही पुढं करायची. ठरवूदेत त्यांनाच. आवाज चढवायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही. पहिले आठ दिवस साहेब चिडतील, नंतर स्वतःच विचारायला लागतील की खिळ्यावर काय आहे.

मेसेजचं म्हणशील तर साडेदहा, एक आणि चार, तीन वेळा बघ. आग लागली तर माणूस फोन करतो, टाईप करत बसत नाही. हे मी अंगावर घेऊन शिकलोय. एका मार्चएंडला एकाच वेळी तीन फोन सांभाळत मी डिस्पॅचला होय म्हणून टाकलं आणि जुन्या ड्रॉइंगवर झालेला लॉट टेम्पोत चढला. ड्रॉइंगची रिव्हिजन बदललेली, एका बोअरचा, म्हणजे भोकाचा, साईज वेगळा. अख्खा लॉट परत आला, जाता-येताचं भाडं कंपनीवर, आणि मी पंधरा दिवस कँटीनमध्ये सगळ्यांचं जेवण झाल्यावर जायचो.

एक राहिलं. ऑडिटच्या फायली तू यादीत शेवटी लिहिल्यास. गेजचं कॅलिब्रेशन (मोजायची साधनं बरोबर मोजतात का ते तपासणं), फायली, नवीन पोराला मोजमाप शिकवणं, ही कामं कधीच ओरडत नाहीत आणि ओरडायला लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर १९५४ सालच्या एका भाषणात म्हणाले होते की अडचणी दोन जातीच्या, तातडीच्या आणि महत्त्वाच्या, आणि तातडीच्या असतात त्या महत्त्वाच्या नसतात, महत्त्वाच्या असतात त्या कधी तातडीच्या नसतात. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की हे एका माजी कॉलेज प्रमुखाचं वाक्य आहे, तरी आज तातडीचं-महत्त्वाचं असा चार चौकोनांचा तक्ता त्यांच्याच नावावर खपतो. तक्ता काढत बसू नको. तीनपैकी एक खिळा न ओरडणाऱ्या कामाचा, बस. सकाळी आठ ते नऊ, साहेब यायच्या आत, त्यातला एक तुकडा उरकायचा.

आणि पाचला उठणं बंद कर. शॉप आठला उघडतंय, तू पाचला उठून कोणाची कामं करतोयस?

प्रश्न : मी खडेबाजारजवळ एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते. दर महिन्याला ७, ११, १५, २० या तारखा आल्या की जेवायला पण फुरसत नाही आणि मध्ये मध्ये नुसता कंटाळा. क्लायंट बिलं आणून देतात १० तारखेला संध्याकाळी, आणि "ताई फक्त पाच मिनिटांचं काम आहे" म्हणतात. त्यात सरकारी पत्रं कन्नडमधनं येतात, माझं शिक्षण मराठीत, एक पत्र वाचायला अर्धा तास जातो. मुलगा दुसरीत आहे, त्याला आणायला साडेतीनला निघायचं असतं.

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वरच्या मुलाच्या उलटा आहे. त्याला तारीख माहीत नाही, तुम्हाला सगळ्या तारखा वर्षभर आधी माहीत आहेत. टीडीएस (कापून घेतलेला टॅक्स) भरायची ७, जीएसटीआर-वनची (जीएसटीच्या विक्रीच्या रिटर्नची) ११, पीएफ-ईएसआयची (कामगारांच्या फंड आणि विम्याची) १५, थ्रीबीची (जीएसटी भरायच्या रिटर्नची) २०, त्या काय अचानक येत नाहीत, चतुर्थीसारख्या दर महिन्याला येतात. मग गर्दी का होते? कारण सरकारची तारीख तीच तुम्ही क्लायंटला सांगता. ११ सांगितलं की माणूस १० ला येणार, २० सांगितलं की १९ ला, त्यात त्याचा दोष नाही, मी पण लाईटबिल शेवटच्या दिवशीच भरतो.

तुमच्या ऑफिसची तारीख वेगळी करा. विक्रीची बिलं ५ पर्यंत. ५ पर्यंत आलेल्यांचं काम आधी, नंतर आलेल्यांचं नंतर, मग तो कितीही जुना क्लायंट असू दे आणि कुंद्याची मिठाई घेऊन येऊ दे. (कुंदा घ्या, नंबर बदलू नका.) हे तुमच्या सरांच्या तोंडून एकदा सगळ्यांना जाऊ दे, तुम्ही एकट्या सांगितलात तर वाईट तुम्ही होणार. आणि पैशाची भाषा सगळ्यांना कळते. थ्रीबीला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, काहीच व्यवहार नसलेल्याला २०, आणि थकलेल्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज वेगळं, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काउंटरवर चिकटवा. बोलायचं कामच नाही.

२० नंतर महिनाअखेरपर्यंत तुम्ही 'नुसता कंटाळा' म्हणता ना, तेच दिवस सोन्याचे. मागच्या महिन्याची खरेदीची बिलं जुळवणं, न जुळणाऱ्या बिलांसाठी फोन, जुन्या नोटिसांची उत्तरं हे सगळं तिथं ढकला. ३ ते ११ मध्ये नवीन काहीही सुरू करायचं नाही.

'पाच मिनिटांचं काम' आलं की एक करून बघा, घड्याळ लावा. पाच मिनिटांचं काम मी आयुष्यात पाच मिनिटांत झालेलं बघितलेलं नाही, पंचवीसला तर कुठं मरण नाही. त्यांना म्हणा, "ठेवून जावा, दोन वाजता एकदम करते." अशी सगळी बारीकसारीक कामं दोन ते सव्वातीन, मग बॅग उचलून शाळा. पोराची वेळ हलवायची नाही. ती एक वेळ अशी आहे की जी सगळे मान्य करतात, तिच्या आडोशानं बाकीचा दिवस पण शिस्तीत बसतो.

कन्नड पत्राचं. अर्धा तास जातो कारण ते तुम्ही कामाच्या मध्ये वाचायला घेता. एका ट्रेमध्ये टाका, दोन दिवसांतनं एकदा सगळी एकदम बघा, फक्त त्यातली शेवटची तारीख आल्याआल्या शोधून पाकिटावर मराठीत लिहून ठेवा. ठराविक शब्द परत परत येतात, विनंती, मुदत, दंड, शुल्क, जोडपत्र, हजर राहणे, या अर्थाचे तीसएक कन्नड शब्द वहीच्या मागं लिहून काढा, त्यातले अर्धे मुळात संस्कृतच निघतील. शेजारच्या टेबलावरची कन्नड मैत्रीण असेल तर तिच्या मराठी क्लायंटचे फोन तुम्ही घ्या, तुमची पत्रं ती बघू दे. बेळगावात हा व्यवहार नवीन नव्हे, बोर्डावर कुठल्या भाषेत लिहायचं यावरनं भांडणं होतात, टेबलावर आपलं चालू असतं.

प्रश्न : मी वडगावात घरी ब्लाऊज शिवते. गौरी-गणपती आले की शंभरावर ब्लाऊज पडतात, सगळ्यांना वेळेत देते म्हणते आणि दरवर्षी आवाहनाच्या सकाळपर्यंत हुक लावत बसते. बायका रागावतात. मी आळशी नाही ओ.

उत्तर : अक्का, आळशी कोण म्हणेल तुम्हाला. तुमचा अंदाज चुकतोय, आणि तो सगळ्यांचाच चुकतो. कॅनडात कॉलेजच्या पोरांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसात होईल, त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले, लागले ५५ च्या वर. १९९४ साली छापून आलेला अभ्यास आहे. माणूस अंदाज करताना लाईट जाणार नाही, सासूबाईंचं गुडघं दुखणार नाही, अस्तर कमी पडणार नाही असं धरून करतो.

म्हणून अंदाज करूच नका. वीस ब्लाऊजच्या चिठ्ठीवर घेतलेली तारीख आणि पूर्ण होऊन खुंटीवरनं उतरलेली तारीख लिहा. गेल्या वेळी सणाच्या दिवसात दिवसाला सात उतरले असतील तर यंदा पण सातच उतरणार, नऊ नव्हे. त्यावरनं मागं मोजत या आणि घेणं बंद करायची तारीख दारावर लावा. गौरीच्या चार दिवस आधीची तारीख गिऱ्हाईकाला द्यायची, ते चार दिवस तुमचे, ते कोणाला विकायचे नाहीत.

आणि त्या खुंटीवर बघा जरा. माझी बायको शहापुरात एका बाईकडं ब्लाऊज शिवायला टाकते, तिच्याकडं चाळीस ब्लाऊज नुसत्या हुकापायी अडकलेले असतात, शिवून तयार, पिशवीत घालून, आणि ती नवीन कटिंग करत बसलेली. कटिंगला उजेड आणि डोकं लागतं, ते सकाळी. हुक आणि काज संध्याकाळी टीव्हीसमोर होतात, आणि गल्लीतली एखादी मुलगी नगावर पैसे घेऊन करून देते. हुकाची थप्पी पाचच्या वर गेली की कात्री खाली ठेवायची. पैसे हुक लागल्यावरच मिळतात.

प्रश्न : खानापूर तालुक्यात गावी बसून पुण्याच्या आयटी कंपनीचं काम करतो. मीटिंगमध्ये लाईट जाते आणि घरच्यांना वाटतं मी रिकामाच आहे. "घरातच आहेस नव्हे, जरा दळण आणून दे." काय करू?

उत्तर : लाईटीचं सोपं आहे, राऊटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो, तो घे, लॅपटॉपला त्याची बॅटरी आहेच. लाईट रोज ठराविक वेळेला जात असेल तर त्या वेळेत मीटिंग ठेवू नका म्हणून टीमला सरळ सांग, पावसाळ्यात खानापूर काय असतं ते पुण्याला माहीत नसतं, सांगितल्याशिवाय कळणार कसं.

घरच्यांचं जरा नाजूक आहे. ज्यांनी जन्मभर शेतावर जाणारा किंवा एसटीनं कामाला जाणारा माणूस बघितलाय त्यांना खुर्चीत बसून स्क्रीनशी बोलणारा पोरगा रिकामाच दिसणार. दार लाव, अंगात बाहेर जायचा शर्ट घाल, हसू नको, चप्पल सुद्धा घाल. आणि दळणाला नाही म्हणू नको. "आई, साडेसहाला आणतो" असं वेळ सांगून म्हण आणि साडेसहाला म्हणजे साडेसहालाच डबा घेऊन बाहेर पड. आठ दिवस असं झालं की आई स्वतःच शेजारणीला सांगेल, त्याचं काम साडेसहाला सुटतंय. दोनदा साडेसहाचे आठ केलास तर मात्र मीटिंग चालू असतानाच डबा टेबलावर येऊन आदळेल, आणि त्यात मी काय करू शकत नाही.